जखमी जनावर आणि परळपर्यंतचा रस्ता

परळला डॉ. एस. एस. राव मार्गावर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं रुग्णालय 1883 पासून आहे. सांताक्रूझमधल्या बहुतेक प्राणिप्रेमींना ते ठाऊक असतं. प्रश्न असतो तो रात्री साडेअकराला वाकोल्याच्या उड्डाणपुलाखाली कंबर मोडून पडलेल्या कुत्र्याला तिथवर न्यायचं कसं, हा. रिक्षा वांद्र्याच्या पुढे शहरात जात नाही. टॅक्सीवाला रक्त पाहून पुढे निघून जातो. एखाद्या प्राणिसंस्थेच्या ॲम्ब्युलन्सला फोन लावावा, तर ती मुलुंडला दुसऱ्या केसवर असते आणि पोचायला दोन तास लागतील असं उत्तर येतं. गर्दी जमते, कुणी पाणी पाजतं, कुणी बिस्किटं टाकतं, कुणी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतं आणि कुत्रं तिथेच पडून राहतं.

पुष्कळदा जनावर वाचतं की जातं हे या मधल्या वेळात ठरतं. इलाजाची जबाबदारी डॉक्टरांची. उचलणं आणि पोचवणं मात्र तुमच्या-माझ्यासारख्या माणसालाही जमतं, पण त्याची तयारी आधी करावी लागते आणि काही मोह आवरावे लागतात. हा लेख त्यासाठीच आहे.

मुंबईने या कामाला फार लवकर सुरुवात केली होती. 1832 साली भटकी कुत्री मारण्याचा हुकूम निघाला, तेव्हा पारशी मंडळींनी रस्त्यावर उतरून दंगल केली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. 1874 मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था आली आणि पाठोपाठ दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळचं रुग्णालय. अगदी अलीकडे, 2024 मध्ये, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांसाठीचं मोठं इस्पितळ सुरू झालं. पण या सगळ्या जागा माहीमच्या खाडीपलीकडे आहेत. आपल्या बाजूला खासगी दवाखाने भरपूर आहेत, मात्र रात्री त्यातले बहुतेक बंद असतात आणि उघड्या असलेल्यांपैकी प्रत्येक जण रस्त्यावरचं जनावर घेतोच असं नाही.

म्हणून पहिलं काम आजच, सगळं शांत असताना करा. घराजवळच्या दवाखान्यांना एकदा फोन करून विचारा: किती वाजेपर्यंत उघडे असता, रात्री डॉक्टर असतात का, एक्स-रे आहे का, भटकं जनावर घेता का, साधारण किती पैसे लागतील. उत्तरं कागदावर लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवा. मोबाइलमध्ये साठवलेली यादी नेमक्या वेळी सापडत नाही आणि ज्याच्या फोनमध्ये ती असते तो त्या दिवशी गावाला गेलेला असतो.

सोसायटीत किंवा गल्लीत चार माणसं ठरवा. एकाकडे गाडी हवी, एकाची रात्री उठायची तयारी हवी, एकाने डॉक्टरांशी बोलावं, एकाने पैसे सांभाळावेत. कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या ताई किंवा काका बहुतेक गल्ल्यांत असतात. त्यांना यात घ्याच, कारण जखमी कुत्रं ज्याचा आवाज ओळखतं त्याच्याकडेच येतं. सामानाची एक पेटी खाली ठेवा. त्यात तीन फूट लांबीची प्लायची फळी, दोन जुन्या चादरी, एक जाड टॉवेल, गॉज बँडेजचे रुंद रोल, बोथट टोकाची कात्री, सलाईनची बाटली, जाड चामडी हातमोजे, ओढलं की घट्ट होणारा कुत्र्याचा पट्टा, टॉर्च, प्लास्टिकची शीट आणि झाकण असलेली दोन पुठ्ठ्याची खोकी. मांजरांसाठी कॅरियर असला तर उत्तम. जखमेवर थेट कापूस लावू नका. त्याचे तंतू आत अडकतात आणि डॉक्टरांना ते एकेक करून काढत बसावं लागतं.

रस्त्यावर पोचल्यावर

आधी वाहनं सांभाळा. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, चेंबूर लिंक रोडवर किंवा पावसाळी रात्री एस. व्ही. रोडवर वाकून बसलेला माणूस मागच्या गाडीला दिसत नाही. आपली गाडी जनावराच्या मागच्या बाजूला उभी करून चारही इंडिकेटर लावा. एकाने टॉर्च घेऊन वाहनं वळवावीत आणि त्याने दुसरं काहीही करू नये. ट्रॅफिक हवालदार दिसला तर हाक मारा. बहुतेक जण मदत करतात. जनावर रेल्वे रुळांवर असेल तर स्वतः उतरू नका. स्टेशन मास्तरांना किंवा रेल्वेच्या 139 क्रमांकावर कळवा. पाणी साचलेल्या जागी विजेच्या खांबाशेजारी जनावर निपचित पडलं असेल, तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नका. आधी वीज कंपनीला आणि अग्निशमन दलाच्या 101 वर फोन.

ॲम्ब्युलन्स किंवा डॉक्टरांना फोन करताना नुसतं ‘वाकोल्याला या’ म्हणून भागत नाही. पूर्व की पश्चिम हे पहिल्या वाक्यात सांगा. पावसात मिलन सबवे तुंबला की चुकीच्या बाजूला पोचलेल्या गाडीला उड्डाणपुलावरून वळसा पडतो आणि तेवढ्या वेळात रक्त वाहत राहतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण सबवे तुंबायला त्याहून किती तरी कमी पुरतो. रस्त्याची कुठली बाजू, समोर कुठलं दुकान, जनावर उभं राहतं का, श्वास कसा चालू आहे, रक्त थांबलंय का, एवढं सांगा. दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि लाइव्ह लोकेशन पाठवा. आणि मग तिथून हलू नका. गाडी येते तेव्हा फोन करणारा घरी जेवायला गेलेला आणि कुत्रं उभ्या ट्रकखाली सरपटत गेलेलं, हे नेहमीचं चित्र आहे. राहणं जमणार नसेल तर समोरच्या पानवाल्याला किंवा वॉचमनला सांगा, त्याचा नंबर ॲम्ब्युलन्सवाल्याला द्या आणि मगच निघा.

वाट पाहताना काहीही पाजू नका. हे पुन्हा सांगतो, कारण सगळ्यांत जास्त नुकसान प्रेमापोटी होतं. धक्क्यात असलेल्या जनावराच्या तोंडात ओतलेलं पाणी किंवा दूध श्वासनलिकेत जातं, आणि शस्त्रक्रिया लागली तर भरल्या पोटी भूल देता येत नाही. घरातली वेदनाशामकंही नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक आहे. जखमेवर हळद, कॉफी पावडर, डेटॉल, फिनाइल, रॉकेल यातलं काहीही घालू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरा आणि पाच मिनिटं उचलून पाहू नका. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा, खालचं काढू नका. मोडलेल्या पायाला काठी बांधून सरळ करण्याचा प्रयत्न सोडून द्या. चुकीच्या बांधणीने हाडाच्या टोकाने आतलं मांस आणखी फाटतं. ओठ हलकेच वर करून हिरड्यांचा रंग बघा, पण चावण्याची भीती नसेल तरच. हिरड्या गुलाबीऐवजी पांढऱ्या फटक दिसल्या तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी चादर पांघरा आणि ॲम्ब्युलन्सची वाट न पाहता निघा.

उचलणं

रोज तुमच्या हातून पोळी खाणारी मोतीसुद्धा पाय मोडल्यावर चावते. तिला राग नसतो, दुखत असतं. म्हणून उचलण्याआधी तोंड बांधायचं. बँडेजचा दीडेक मीटर लांबीचा तुकडा घ्या आणि मध्ये एक सैल फास करा. बाजूने येऊन, तिच्याशी हळू बोलत, फास नाकाडावर मध्यापर्यंत सरकवा आणि वरच्या बाजूला ओढून घ्या. दोन्ही टोकं हनुवटीखाली आणून एक तिढा द्या, मग कानांमागे नेऊन एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारा. नाकपुड्या मोकळ्या राहिल्याच पाहिजेत. एकाने हे करत असताना दुसऱ्याने मानेवर चादर टाकून धरलेली बरी. कुत्रं धापा टाकत असेल, ओकत असेल, बेशुद्ध असेल, जबड्यालाच मार असेल किंवा उन्हाने लोळागोळा झालेलं असेल, तर तोंड बांधू नका. तेव्हा जाड चादर डोक्यावरून सैल टाका आणि हात मागच्या बाजूने घाला.

मग फळी. ती पाठीच्या बाजूने जमिनीला टेकवून सरकवा. एकाने खांद्याखालची चादर किंवा कातडी, दुसऱ्याने कमरेखालची धरायची आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत एकाच वेळी जनावर फळीवर ओढून घ्यायचं. वर उचलून ठेवायचं नाही, सपाटच सरकवायचं. मागचे पाय निर्जीव पडलेले असतील तर मणका गेला असं समजूनच वागा. चार पाय धरून झोळीसारखं उचललेलं असं कुत्रं पुन्हा चालायची शक्यता तिथेच संपू शकते. फळी नसेल तर दुकानाची पाटी किंवा जाड पुठ्ठाही चालतो. काहीच नसेल तर चादर चारही बाजूंनी ताणून धरा. फळीवर घेतल्यावर खांदे आणि कंबर चादरीच्या पट्टीने फळीला बांधा. छातीवर आणि पोटावर बांधू नका.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट बघा. आचळं भरलेली, लोंबणारी असतील तर जवळपास पिल्लं आहेत. तिला घेऊन एक गट निघाला की दुसऱ्याने गटाराच्या कडा, बांधकामाची वाळू, बंद दुकानांच्या पायऱ्यांखालच्या फटी पाहायला सुरुवात करायची. आई दवाखान्यात आणि डोळे न उघडलेली पिल्लं उपाशी, हे फार वेळा घडतं आणि ते टाळता येतं.

एका बाबतीत मात्र हात लावूच नका. जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, आवाज बदललाय, दगड-काठी-हवा यांना चावतंय, चाल अडखळतेय, असं कुत्रं दिसलं तर लांब राहा, मुलांना लांब ठेवा आणि महापालिकेच्या 1916 वर कळवा. हे दरवेळी रेबीजच असतं असं नाही, डिस्टेंपर या आजारातही असं काही दिसतं. पण तो फरक रस्त्यावर उभं राहून ठरवणं आपलं काम नाही.

वाहन

सांताक्रूझमधल्या सांताक्रूझमध्ये जायचं असेल तर रिक्षा उत्तम. रिक्षावाल्याला आधी सगळं सांगा: “दादा, कुत्र्याला मार लागलाय. खाली प्लास्टिक टाकतो, वर चादर आहे, तोंड बांधलंय. मीटरवर शंभर रुपये जास्त देतो.” आधी मोकळेपणी सांगितलं की निम्म्याहून अधिक लोक हो म्हणतात. जनावर चादरीत लपवून चढवलं तर सिग्नलला भांडण होतं आणि पुढच्या वेळी तो कुणासाठीच थांबत नाही. मध्यम आकाराचं कुत्रं मागच्या सीटपुढच्या पायाच्या जागेत आडवं मावतं. बसणाऱ्याने पाय वर घ्यावेत. रिक्षाला दारं नसतात हे विसरू नका. अर्धमेलं दिसणारं कुत्रं हॉर्नच्या आवाजाने एकदम उठून उडी मारतं. गळ्यातला पट्टा हाताला दोन वेढे देऊन धरा आणि डोळ्यांवर चादर राहू द्या. उतरल्यावर रिक्षा पुसून द्या.

परळ किंवा महालक्ष्मीला जायचं असेल तर सुरुवातीलाच गाडी, टॅक्सी किंवा छोटा टेम्पो ठरवा. वांद्र्याला रिक्षा सोडून टॅक्सी शोधणं म्हणजे जनावराला दुसऱ्यांदा उचलणं. भाजीचा टेम्पो असलेला एखादा ओळखीचा माणूस ग्रुपमध्ये असू द्या. मोठ्या कुत्र्याला, गायीला किंवा गाढवाला टेम्पोच लागतो. गाडीत खिडकी थोडी उघडी, रेडिओ बंद, कमीत कमी ब्रेक. जनावराची मार न लागलेली बाजू खाली. बेशुद्ध असेल तर मान पुढे ताणलेली आणि जीभ बाहेर. उन्हाळ्यात ऊन लागलेल्या जनावराच्या अंगावर, पोटावर, पंज्यांवर साधं पाणी ओतत राहा आणि वारा घाला, बर्फ नको. निघताना दवाखान्यात फोन करून सांगा की येतोय. डॉक्टर टेबल मोकळं करून ठेवतात.

मांजरं आणि पाखरं

मांजराचं तंत्र वेगळं. त्याचं तोंड बांधायचा विचारही करू नका. जाड टॉवेल वरून टाकायचा, चारही पाय आत येतील असं गुंडाळायचं आणि टॉवेलसकट कॅरियरमध्ये किंवा झाकणाच्या टोपलीत ठेवायचं. वरून कापड घाला. अंधार झाला की ते शांत होतं. उंच मजल्यावरून पडलेलं मांजर उठून चालायला लागलं तरी दवाखान्यात न्या, कारण छातीत आणि जबड्यात लागलेला मार तेव्हा दिसत नाही. पावसाळ्यात मांजरं उबेसाठी गाडीच्या इंजिनात शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, एवढं सोसायटीच्या फलकावर लिहिलंत तरी एखाद्या पिल्लाचा जीव वाचेल.

पाखरांसाठी जानेवारी सगळ्यांत वाईट. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीला तो मिळतो आणि नंतर कित्येक महिने झाडांवर, केबलवर लटकत राहतो. घार, कावळा, कबूतर, बगळा, वटवाघूळ, सगळे त्यात अडकतात. मांजा ओढून काढू नका. पंखात रुतलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना चार बोटं अंतर ठेवून कापा आणि रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी तसाच ठेवा. उंच झाडावर लटकलेल्या पक्ष्यासाठी 101 वर फोन करा, अग्निशमन दल ही कामं करतं. वटवाघळाला उघड्या हाताने कधीच शिवू नका.

पक्ष्याला पिंजरा नको, खोकं हवं. तारांवर आपटून पिसं तुटतात आणि पिसं गेली की घार कित्येक महिने उडू शकत नाही. खोक्याला आधी भोकं पाडा, तळाला जुना टी-शर्ट टाका, पक्षी ठेवा, झाकण लावा. आत पाण्याची वाटी नको, दाणे नकोत, दर दोन मिनिटांनी झाकण उघडून पाहणंही नको. पक्षी भीतीनेही मरतो. घार पकडताना धोका चोचीपेक्षा नख्यांचा जास्त. डोक्यावर टॉवेल टाका आणि आधी दोन्ही पाय धरा. दिवसाढवळ्या कावळ्यांनी घेरलेलं, हृदयाच्या आकाराचं पांढरं तोंड असलेलं पाखरू दिसलं तर ते गव्हाणी घुबड. त्याला बहुतेकदा जखम नसते. खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाला कळवा. ठीक असेल तर ते संध्याकाळनंतर सोडलं जातं. त्याच्याबद्दलच्या अंधश्रद्धेपोटी कुणी मारायला धावलं तर मध्ये उभे राहा.

मे-जूनमध्ये अंगावर पिसं आलेली, पण नीट न उडणारी पिल्लं जमिनीवर टुणटुण उड्या मारताना दिसतात. ती हरवलेली नसतात. आई-बाप वर कुठे तरी असतात आणि खाली येऊन भरवतात. कुत्र्या-मांजरांपासून दूर, जवळच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. अंगावर पीसही नसलेलं पिल्लू पडलं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात हा गैरसमज आहे. पावसाळ्याआधी झाडांची छाटणी होते आणि बगळ्यांची घरटी पिल्लांसकट खाली येतात. ज्या झाडावर घरटी आहेत त्याचे फोटो काढून आधीच वॉर्ड ऑफिसला लेखी द्या: सांताक्रूझ पूर्वेसाठी एच पूर्व, पश्चिमेसाठी एच पश्चिम. फांदी पडल्यावर धावण्यापेक्षा एक अर्ज जास्त पिल्लं वाचवतो.

वन्यजीव असेल तर थांबा

घार, पोपट, घुबड, माकड, घोरपड, साप, कासव हे वन्यजीव. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने यातलं काहीही घरी ठेवता येत नाही, उपचारांसाठीसुद्धा. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवायचं आणि ते सांगतील त्यांच्याकडे सोपवायचं. वाकोला नाल्याच्या कडेला किंवा विद्यापीठाच्या कलिना परिसरात पावसात निघणारे बरेच साप धामण किंवा दिवड असतात, दोन्ही बिनविषारी. तरीही ओळख पटवायला जवळ जाऊ नका, नाग आणि घोणसही याच शहरात आहेत. लांबून नजर ठेवा आणि वनविभागाची परवानगी असलेल्या सर्पमित्राला बोलवा. जुहूच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्री कासवं लागतात. दिसल्याबरोबर लोक त्यांना पाण्यात ढकलतात, आणि ते चुकतं. थकलेलं, जाळ्याने वल्हं कापलेलं कासव पाण्यात बुडतं. त्याला सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका (नाकपुड्या सोडून) आणि 1926. अशा कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे.

एकट्याने काय होणार, असं वाटेल. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेने तिसाहून अधिक फ्लेमिंगो गेले. वस्तीतल्या लोकांनी फोन केले आणि ‘रॉ’सारख्या वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक, वनविभागाची माणसं अंधारात गल्ल्यांतून फिरत राहिली. तिथे सापडले ते बहुतेक मेलेलेच पक्षी. पण ही माणसं त्या रात्री निघाली ती कुठे फोन करायचा हे वस्तीला आणि कुठे जायचं हे त्यांना माहीत होतं म्हणून.

तुमचं स्वतःचं अंग

या कामात नियमित पडणार असाल तर रेबीजची लस आधीच घ्या: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. नंतर कधी चावा बसला तर दोन डोसांत भागतं, एरवी पूर्ण मालिका लागते आणि खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. चावा किंवा ओरखडा, कितीही लहान असला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी रुग्णालय. सांताक्रूझ पूर्वेला महापालिकेचं व्ही. एन. देसाई आहे, जुहूला कूपर. ‘ओळखीचंच कुत्रं आहे’ म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं सुरू झाली की उपाय उरत नाही. पावसात साचलेल्या पाण्यातून गेलात, पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिस टाळणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

घरी कुत्रं-मांजर असेल तर आणलेलं पिल्लू त्यांच्यात मिसळू नका. पार्व्होचा विषाणू फरशीवर, चपलांवर महिनोन्‌महिने टिकतो. कपडे वेगळे धुवा आणि गाडी ब्लीचच्या पाण्याने पुसा.

कुणी मुद्दाम मारलं असेल तर पोलिसात जा. 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, म्हणून पुष्कळ जण जातच नाहीत. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली जनावराला ठार किंवा अपंग केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रारीत हे कलम लिहायला सांगा. डॉक्टरांचा कागद आणि वेळ दिसणारा व्हिडिओ सोबत ठेवा.

कधी कधी डॉक्टर सांगतील की आता यातना थांबवलेल्या बऱ्या. तो निर्णय त्यांचाच असू द्या, ग्रुपवर मतं मागवू नका. शक्य असेल तर शेवटपर्यंत जवळ थांबा. त्यानंतर काही दिवस फोन घ्यावासा वाटला नाही तर घेऊ नका. चार जण ठरवायचे ते यासाठीही.

जे बरं होतं, त्याचं उरलेलं काम बरंच असतं. पैसे मागताना डॉक्टरांचं बिल ग्रुपवर टाका, उरलेल्या रकमेचा हिशोबही टाका. टाके काढायची तारीख, औषधांच्या वेळा आणि पुढचं रेबीजचं इंजेक्शन एका कागदावर लिहून खायला घालणाऱ्या ताईंना द्या. नसबंदी झालेली नसेल तर त्याच खेपेत विचारून घ्या. झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. सोडताना जिथून उचललं तिथेच सोडा. नियमही तेच सांगतो, आणि अनोळखी गल्लीत सोडलेलं कुत्रं तिथल्या टोळीच्या तोंडी सापडतं. सकाळी उजेडात, ओळखीचं माणूस हजर असताना सोडा आणि पुढचा अर्धा तास तिथेच थांबा. त्याच दिवशी चादरी धुऊन, संपलेले बँडेजचे रोल आणून पेटी परत वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा.